अलार्म ओरडेल, पण ओ कोण देणार?

"नमस्कार. मी गोव्यात पर्वरीला राहते. आई-बाबा फोंड्याजवळच्या गावात मूळ घरी, दोघंच. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक, मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. गेल्या महिन्यात आमच्याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, दोन घरं फुटली. तेव्हापासून दुबईचा भाऊ अलार्म बसवायचाच म्हणून हटून बसलाय. विक्रेता येऊन घर बघून गेला. तो म्हणतो, दारा-खिडक्यांना सेन्सर लावले की काळजी मिटली, अलार्म वाजला की पोलीस हजर. बाबा म्हणतात, 'लाईट गेली की ती पेटी मुकी. त्यापेक्षा आपला कुत्रा बरा.' आईला भीती की मांजर नि वटवाघळं रोज रात्री घर उठवतील. शेजारच्या बंद बंगल्यातला अलार्म केव्हाही बोंबलतो, आता कुणी मान वर करूनही बघत नाही. वहिनीचं मत, नुसते कॅमेरे पुरेत. आणि खरं सांगू? आमच्या घरात नेण्यासारखं आहे तरी काय? चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी ठरवायचं आहे. काय करू?"
एक वाचक, पर्वरी

ताई,

तुमच्या घरात जितकी माणसं तितकी मतं आहेत आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोडंफार तथ्य आहे. पण विक्रेत्याचं वाक्य सगळ्यांत महागात पडणारं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अलार्म वाजला की पोलीस आपोआप येत नाहीत. आपल्याकडे घरगुती अलार्म सहसा पोलीस ठाण्याला जोडलेला नसतो. पेटी दोनच कामं करते: भोंगा वाजवते, आणि आत भरून ठेवलेल्या नंबरांना एकेक करून फोन लावते किंवा मोबाईलवरच्या ॲपला सूचना धाडते. तिथे तिचं काम संपलं. ती चोराचा हात धरत नाही की दाराला कडी घालत नाही. ती फक्त हाक मारते. हाकेला ओ देणारं माणूस आधी ठरलेलं नसेल तर कितीही महागाची पेटी आणा, ती नुसती ओरडत राहणार. शेजारच्या बंगल्याचं नेमकं तेच झालंय.

विजेवरच्या घरगुती अलार्मचं पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ मध्ये घेतलं. दार उघडलं की विजेचं मंडल पुरं होऊन घंटा वाजायची, इतकीच ती युक्ती. त्याचे हक्क एडविन होम्सने विकत घेतले आणि पुढे घराघरांतल्या तारा एका केंद्रात आणून तिथे रात्रंदिवस माणसं बसवली. म्हणजे धंदा उभा राहिला तो घंटेच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या जिवावर. आजही काही कंपन्या महिन्याचे पैसे घेऊन अशी देखरेख करतात. पण त्यांचा माणूससुद्धा आधी तुम्हालाच फोन करून विचारतो, 'घरात कुणी आहे का, खरंच काही झालंय का?' तुम्ही उचलला नाहीत तर पुढे काय करणार, हे करारात लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तेवढं कलम वाचून घ्या.

म्हणून विक्रेत्याला पुन्हा बोलावण्याआधी माणसं ठरवा. पहिलं, वाड्यावरचंच कुणीतरी, ज्याचा फोन रात्री बंद नसतो आणि ज्याला बाबा आवाज ओळखून दार उघडतील. दुसरं, फोंडा शहरात राहणारं एखादं आप्त, गाडी काढून पटकन पोचू शकेल असं. तिसऱ्या तुम्ही, पण पर्वरीहून मध्यरात्रीच्या मोकळ्या रस्त्यालाही पाऊण तास धरा. भावाचा नंबर सगळ्यांत शेवटी घाला. त्याच्या काळजीबद्दल मला शंका नाही, पण दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास. इथे पहाटेचे अडीच म्हणजे तिथे एक. तो गाढ झोपेत असेल, आणि जागा असला तरी तुम्हालाच फोन करणार. पहिल्या दोघांशी समोर बसून बोला, 'रात्री फोन आला तर तुम्ही काय कराल?' असं सरळ विचारा. वाड्यावरच्या माणसाकडे घराची एक किल्ली आणि अलार्म बंद करायचा स्वतंत्र आकडा द्या. आणि एकट्याने आत शिरायचं नाही, बाहेरून दिवे लावायचे, आवाज द्यायचा, आणखी माणसं गोळा करायची, हेही तेव्हाच सांगून ठेवा.

पोलिसांचा ११२ नंबर पेटीत भरू नका. ध्वनिमुद्रित आवाजाला पलीकडून कुणी प्रश्न विचारू शकत नाही आणि दुसऱ्या कुणाची तातडीची लाईन अडते. ११२ माणसाने फिरवायचा. आपल्या गावांत घर क्रमांकावरून घर सापडत नाही, म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात वाड्याचं नाव, देवळापासून कुठल्या हाताला, रस्ता कुठे वळतो, असं लिहून फोनजवळ चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्तासुद्धा धड सांगता येत नाही.

आता शेजारच्या बंगल्याबद्दल. खोट्या वाजण्याने अलार्मची पत जाते, हा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलंय की पोलिसांकडे जाणाऱ्या अलार्मच्या वर्दींपैकी ९४ ते ९८ टक्के खोट्या निघतात. सॉल्ट लेक सिटीने तर २००० सालीच ठरवलं की आधी कुणीतरी प्रत्यक्ष खात्री करावी, मगच पोलीस जातील. खोटं वाजणं बहुतेक वेळा यंत्र चुकीच्या जागी लावल्याने होतं, नाहीतर घरच्याच माणसाच्या हातून. दोन्ही टाळता येतं, पण त्यासाठी तुमचं घर नीट पाहावं लागेल.

'दारा-खिडक्यांना सेन्सर लावले की काळजी मिटली' हे फ्लॅटमध्ये बऱ्यापैकी खरं. तुमच्या घरात नाही. कौलारू घराचं छप्परच एक दार आहे. चार कौलं सरकवून रिपांमधून माणूस माजघरात उतरला तर दारावरच्या सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. दारावरचा सेन्सर म्हणजे चौकटीवर एक छोटी कळ आणि दाराच्या फळीवर लोहचुंबक. दोघं जवळ असेपर्यंत सगळं ठीक. दार उघडून चुंबक लांब गेला की वर्दी. त्याला एवढंच कळतं. आपल्या लाकडी दारांची आणखी एक तऱ्हा: पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. भर पावसात घट्ट बसलेल्या दारावर मोजून लावलेलं चुंबक मे महिन्यात फटीमुळे लांब जातं आणि वाऱ्याने दार जरा हललं की भोंगा सुरू. बसवणाऱ्याला सांगा की दार कडी लावून जितकं हलतं तितकं हलवून बघ, मग अंतर ठरव.

तेव्हा तुमच्या घराचा खरा आधार म्हणजे आत लावायचा हालचाल टिपणारा सेन्सर. आईची भीती त्याच्याबद्दलच आहे आणि ती रास्त आहे, म्हणून तो कसा चालतो हे जरा सविस्तर सांगतो. लोकांना वाटतं तो बघतो. तो बघत नाही. त्याच्या पांढऱ्या घुमटीच्या आत उष्णता ओळखणारे दोन कण असतात आणि पुढची खाचाखाचांची भिंग खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडते. अंगाची ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की दोन कणांना मिळणाऱ्या उष्णतेत फरक पडतो आणि त्याला वर्दी मिळते. म्हणून त्याच्यासमोरून आडवं गेलेलं माणूस तो चटकन पकडतो, सरळ त्याच्याच दिशेने येणारं उशिरा. म्हणून तो दाराच्या अगदी समोर न लावता कोपऱ्यात लावायचा, जमिनीपासून साधारण दोन ते सव्वादोन मीटर उंच, आणि आत शिरणाऱ्याला त्याच्यासमोरून आडवं जावं लागेल असा. चांगला सेन्सर दहा-बारा मीटरपर्यंत पोचतो, पण काचेच्या पलीकडचं त्याला काही कळत नाही. खिडकीतून अंगणावर नजर ठेवायला तो आत लावणारे भेटतात, पैसे पाण्यात.

आता त्याला फसवणाऱ्या गोष्टी. पावसाळ्यात आपण कपडे घरातच दोरीवर टाकतो आणि खाली पंखा सोडतो. ओलं धोतर भिंतीपेक्षा गार असतं, ते पंख्याच्या वाऱ्याने हलतं, आणि सेन्सरच्या हिशेबी गार-गरम असं काहीतरी खोलीत फिरतंय. दोरी त्याच्या टापूबाहेर हलवली की खोट्या वाजण्याचं एक मोठं कारण गेलं. दुसरी गोष्ट, घुमटीवरून चालणारी पाल. लहानसा जीव, पण भिंगाला चिकटून गेला की सगळे पट्टे झाकतो. मागच्या छिद्रांतून मुंग्या आणि कोळी आत घर करतात. तारेचं छिद्र सिलिकॉनने बंद करायला लावा, आणि महिन्यातून एकदा मऊ कोरड्या फडक्याने घुमटी पुसा.

मांजराचं काय? 'पाळीव प्राण्यांना न वाजणारा' सेन्सर मिळतो. तो ठरावीक वजनापर्यंतच्या प्राण्याकडे दुर्लक्ष करतो, बहुतेक मॉडेलांत पंधरा-वीस किलो किंवा थोडं वर. पण ही सवलत जमिनीवरून चालणाऱ्या प्राण्याला आहे. मांजर कपाटावर किंवा माळ्यावर चढून सेन्सरच्या तोंडासमोरून गेलं की त्याला ते माणसाएवढंच भासतं. वटवाघळाचंही तसंच, ते तर नाकासमोरूनच उडतं. ज्या खोल्यांत वटवाघळं शिरतात तिथे दुहेरी सेन्सर घ्या. त्यात उष्णतेच्या जोडीला सूक्ष्मलहरींनीही हालचाल तपासली जाते आणि दोन्हींनी होकार दिल्याशिवाय तो वाजत नाही. थोडा महाग आहे, पण तुमच्या घराला तोच हवा. राजांगणात मात्र आतल्या वापराचा सेन्सर लावूच नका. तिथे ऊन उतरतं, पाऊस पडतो, पक्षी येतात. तो तिथे सुखाने नांदणार नाही. राजांगणातून आत येणाऱ्या वाटांवर लावा.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. मे महिन्याच्या दुपारी कौलांखालची खोली इतकी तापते की हवा आणि माणसाची कातडी यांच्या उष्णतेत फारसा फरक उरत नाही. फरक कमी झाला की सेन्सर मंद होतो. तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारे सेन्सर मिळतात. विकत घेताना तेवढं विचारा आणि मे महिन्यात दुपारी समोरून चालून बघा.

बिनतारी की तारेचा, हा वाद तुमच्या घरात भिंती मिटवतील. बिनतारी सेन्सरच्या खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. चिऱ्याच्या दोन-तीन जाड भिंती मध्ये आल्या की ते झपाट्याने घटतं. पेटी घराच्या मध्यावर ठेवून प्रत्येक सेन्सर जागेवरून वाजवून दाखव, मगच खिळा ठोक, असं सांगा. जिथून पोचत नाही तिथे तार ओढायची.

बाबांचा आक्षेप आता. लाईट गेली की पेटी मुकी, हे धड बसवलेल्या पेटीबद्दल खरं नाही. तिच्यात बॅटरी असते. तारेच्या पेट्यांत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. पेटी आणि सेन्सर मिळून ०.२ अँपिअर ओढत असतील तर कागदावर ३५ तास निघतात. भोंगा वाजला, बॅटरी जुनी झाली, की निम्म्यावर येतं. तरीही एक रात्र आरामात निघते. पण बाबांच्या म्हणण्यात एक धागा अगदी खरा आहे: पेटी जिवंत असते आणि तिची जीभ मेलेली असते. पेटी वायफायवरून सूचना पाठवत असेल तर लाईट गेल्याबरोबर राउटर बंद, आणि तुमच्या मोबाईलवर काहीच येत नाही. भोंगा गावात वाजतोय आणि तुम्ही पर्वरीत झोपलेल्या. राउटरला आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावा किंवा घराच्या इन्व्हर्टरवर घ्या, आणि शिवाय सिमकार्डवाली पेटीच घ्या. एका वाटेवर विसंबू नका.

सिमचे दोन घोळ मी पुन्हा पुन्हा पाहतो. स्वस्तातल्या पुष्कळ पेट्या फक्त २जीवर चालतात आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. घरात जिओ चांगलं येतं म्हणून ते सिम अशा पेटीत घातलं तर ती कधीच फोन लावणार नाही, आणि हे कळेल ते नेमकं नको त्या रात्री. ४जी पेटी घ्या. दुसरा घोळ रिचार्जचा. त्या सिमवरून कुणी बोलत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. मुदत संपते आणि फोन जाणं थांबतं. ही जबाबदारी भावाला द्या. दुबईतून रिचार्ज करता येतो आणि त्याला काहीतरी केल्याचं समाधानही मिळेल. पेटी कुठे ठेवायची हेही आधी मोबाईल हातात घेऊन घरभर फिरून ठरवा. कुळागराच्या खोलगट बाजूला नेटवर्क मरतं हे तुम्हाला माहीत असेलच.

आणि वीज पडण्याचा धोका. पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात आपल्याकडे गडगडाट होतो तेव्हा लाईनवरून येणारा झटका पेटीचं पोट जाळतो. घराचं अर्थिंग तपासून घ्या, मेन बोर्डवर झटका अडवणारं उपकरण बसवा. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं.

वहिनींना सांगा, कॅमेरा आणि अलार्म ही वेगवेगळी कामं आहेत. कॅमेरा काय घडलं ते नोंदवतो. नोंद बघायला कुणीतरी जागं असावं लागतं. ॲपवर हालचालीची सूचना येते हे खरं, पण रात्री दिव्याभोवतीच्या पाखरांनी आणि हलणाऱ्या पोफळींनी इतक्या सूचना येतात की चार दिवसांत माणूस त्या बंद करून टाकतो. एक कॅमेरा मात्र जरूर लावा, अंगणाच्या फाटकाकडे तोंड करून. अलार्म वाजल्यावर खरं-खोटं पाहायला तो फार उपयोगी पडतो. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नका, चोर तो उचलून नेतात. माळ्यावर कुलपात ठेवा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. घराच्या आत, आई-बाबा उठतात-बसतात तिथे कॅमेरा नको. मुलं दुरून बघत असतील या जाणिवेने म्हातारी माणसं अवघडून जातात, आणि ते त्यांचं घर आहे.

'नेण्यासारखं काय आहे' हा प्रश्न चोराला बाहेरून सुटत नाही, म्हणून तो आत येतो. पितळेची समई, तांब्याचे हंडे, देवघरातली चांदी, कुळागरातला पंप, यांतलं काहीही त्याला पुरतं. पण माझ्या मते तो प्रश्नच बाजूला ठेवा. घरात सत्तरीच्या आसपासची दोन माणसं आहेत आणि अलार्म त्यांच्यासाठी हवाय. कुणी आत शिरलं तर ते माजघरात पोचण्याआधी आई-बाबांना कळलं पाहिजे, म्हणजे खोलीची कडी घालायला त्यांना वेळ मिळेल.

अलार्मचा धाक असतो का? असतो, पण सर्वांना नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या संशोधकांनी घरफोडीबद्दल शिक्षा भोगणाऱ्या ४२२ जणांना विचारलं होतं. अलार्म दिसला तर दुसरं घर शोधू, असं सुमारे ६० टक्क्यांनी सांगितलं. उरलेल्यांचं काय, याचा विचार आपल्याला करायचा आहे. म्हणून नुसती पाटी किंवा रिकामा भोंग्याचा डबा लावून भागत नाही.

त्या उरलेल्यांसाठी कडी-कोयंडाच कामाला येतो, आणि इथे मी हट्टाने सांगतो: अलार्मचे पैसे देण्याआधी मागचं दार दुरुस्त करा. आपल्या जुन्या घरांचं पुढचं दार दोन माणसांनी ढकलावं असं जड, आत आडवा अडसर. आणि न्हाणीकडचं मागचं दार? पातळ फळ्या, गंजलेला कोयंडा, एक लाथ पुरे. चोर पुढूनच येईल असं नाही. त्या दाराला आतून अडसर, जाड बिजागऱ्या आणि चौकटीत खोलवर जाणारे स्क्रू हवेत. मग परसात फेरी मारा. पोफळीवर चढायची शिडी भिंतीला टेकवून ठेवलेली असते, पहार आणि कोयता खोपीत उघड्यावर. छपरावर जायचं साधन आपणच हाताशी ठेवलेलं असतं. शिडी साखळीने खांबाला बांधून कुलूप घाला, हत्यारं आत घ्या. कौलांखाली निदान झोपायच्या खोलीवर आणि माजघरावर लोखंडी जाळी मारून घेता आली तर अलार्मपेक्षा तिचा उपयोग जास्त.

कुत्रा राहू द्या, बाबांचं बरोबर आहे. कुत्र्याइतक्या लवकर कुठलाही सेन्सर परकं माणूस ओळखत नाही. पण त्याला खायला घालून गप्प करता येतं, आणि तो तुम्हाला पर्वरीत फोन करत नाही. दोघं मिळून काम करतील. फक्त रात्री तो घरात झोपत असेल तर त्याची जागा सेन्सरच्या टापूत येऊ देऊ नका.

'म्हाताऱ्यांना ते जमणार नाही' असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो समज घरोघर आहे. जमतं, जर आपण सोपं करून दिलं तर. चालू करण्याचे दोन प्रकार असतात: घर रिकामं असताना सगळे सेन्सर, आणि रात्री माणसं आत असताना फक्त दारं, खिडक्या आणि ठरवलेल्या खोल्या. बाबा रात्री न्हाणीकडे ज्या वाटेने जातात ती वाट रात्रीच्या प्रकारातून वगळायला लावा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ते पेटी कायमची बंद करतील. आकड्यांऐवजी दोन बटणांचं रिमोट द्या. पलंगाशेजारी संकटाचं बटण हवंच. ते चोरासाठी जितकं, तितकंच पाय घसरून पडल्यावरही कामाचं. धाकाखाली टाकायचा वेगळा आकडा बऱ्याच पेट्यांत असतो: तो टाकला की भोंगा बंद होतो, पण ठरलेल्या नंबरांना गुपचूप फोन जातो. तो चालू करून घ्या आणि बाबांना पाठ करायला सांगा.

भोंगा वाजल्यावर काय करायचं हे त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. खोलीची कडी, दिवे, ११२, मग वाड्यावरच्या माणसाला फोन. काठी घेऊन बाहेर यायचं नाही. बाबांना हे पटणार नाही, तरी सांगा. भोंगा पाच मिनिटांनी आपोआप थांबेल असं लावून घ्या. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि भोंगा जवळून शंभरच्या वर असतो. रात्रभर वाजवून शेजारी दुखावले तर ओ द्यायला कुणी उरणार नाही.

चोरीचा अलार्म गॅसगळती ओळखत नाही. स्वयंपाकघरात त्याचा वेगळा सेन्सर लावा, आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. छताजवळ लावलेला सेन्सर फार उशिरा वाजतो.

चवथीचं म्हणालात म्हणून आणखी एक. चवथीला गावचं घर माणसांनी भरलेलं असतं, त्या दिवसांत तिथे चोर फिरकणार नाही. बंद असेल तो तुमचा पर्वरीचा फ्लॅट, आणि तुमच्यासारखे त्या इमारतीतले निम्मे फ्लॅट. शेजारी राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला नंबर देऊन जा, दूध-पेपर बंद करा, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. चवथीसाठी लॉकरमधून काढलेले दागिने परतल्यावर आठवडाभर कपाटात ठेवण्याची आपल्याला सवय आहे. दुसऱ्याच दिवशी परत नेऊन ठेवा. घरफोडीचा विमा असेल तर पॉलिसीत सलग किती दिवस घर बंद चालतं ते पाहा. अनेक पॉलिसींत त्याला मर्यादा असते आणि अलार्म होता म्हणून ती सैल होत नाही.

पेटी बसवून झाली की पैसे लगेच पूर्ण देऊ नका. बसवणारा समोर असताना मेन स्विच पाडा, राउटर बंद होऊ द्या, आणि मग माजघरातून चालत जा. भोंगा वाजला, वाड्यावरच्या माणसाचा आणि तुमचा फोन खणखणला, तरच उरलेली रक्कम. हीच तपासणी महिन्यातून एकदा करा, शेजाऱ्यांना आधी सांगून. बॅटरी बसवल्याची तारीख पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. अशी बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते, कौलांखालच्या उकाड्यात त्याहून कमी, म्हणून तिसऱ्या वर्षी पावसाळ्याआधीच नवी घाला.